डोळ्यांचे आरोग्य : झोपेपासून रक्तातील साखरेपर्यंत

डोळ्यांची तक्रार सुरू झाली की बहुतेक घरांत दोनच उपाय सुचतात. चष्म्याचा नंबर तपासून घेणे, नाही तर औषधाच्या दुकानातून थेंबांची बाटली आणणे. यांपैकी पहिला उपाय पुष्कळदा योग्य असतो आणि दुसरा क्वचितच. परंतु डोळ्याला लागणारे रक्त, प्राणवायू, जीवनसत्त्वे आणि विश्रांती ही सगळी शरीराकडूनच मिळत असल्यामुळे अपुरी झोप, वाढलेली साखर, चढलेला रक्तदाब, तंबाखू किंवा दीर्घकाळ चालू असलेले एखादे औषध यांचा परिणाम डोळ्यांवर झाल्यावाचून राहत नाही, आणि तो केवळ चष्म्याने वा थेंबांनी दूर होत नाही. ही जाणीव जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्ररोगांची संख्या ७६ सांगितली असून त्यांच्या कारणांत झोपेचा क्रम उलटणे, म्हणजे दिवसा झोपणे व रात्री जागणे, याचाही समावेश आहे. पुढे १८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण प्रसिद्ध केल्यावर डोळा आणि शरीर यांचा संबंध प्रत्यक्ष दिसू लागला. कारण शरीरातील बारीक रक्तवाहिन्या कोठेही छेद न देता थेट पाहता याव्यात असे ठिकाण म्हणजे डोळ्याचा मागचा पडदा, ज्याला दृष्टिपटल म्हणतात.

झोपेत डोळ्यांत काय घडते

बुबुळावरच्या काचेसारख्या आवरणाला पारपटल म्हणतात. ते पारदर्शक राहावे म्हणून त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे जागेपणी त्याला लागणारा प्राणवायू हवेतून, अश्रूंच्या थरात विरघळून मिळतो, आणि पापण्या मिटल्यावर तो पापण्यांच्या आतील अस्तरातल्या रक्तवाहिन्यांकडून मिळतो. मिटलेल्या पापणीखाली हा पुरवठा उघड्या डोळ्याच्या मानाने सुमारे एक तृतीयांशावर येत असल्यामुळे रात्रभरात पारपटल तीन ते चार टक्क्यांनी फुगते आणि जाग आल्यानंतर थोड्याच वेळात पूर्ववत होते. निरोगी डोळ्याला ही सूज जाणवतही नाही. मात्र कॉन्टॅक्ट लेन्स न काढता झोपणाऱ्याच्या डोळ्यात हा तोकडा पुरवठाही अडतो, पारपटलाचा वरचा थर कमकुवत होतो आणि त्यात जंतुसंसर्ग होऊन फूल पडण्याचा धोका अनेक पटींनी वाढतो. म्हणून दुपारच्या डुलकीपूर्वीसुद्धा लेन्स काढून ठेवावी आणि ती नळाच्या वा विहिरीच्या पाण्याने कधीही धुऊ नये.

झोपेचा लाभ अश्रूंच्या थराला मात्र होतो. हा थर साधा पाण्याचा नसून त्यात तळाशी चिकट द्रव, मध्ये अश्रुग्रंथीतून येणारे पाणी आणि वर पापण्यांच्या कडेवरील तैलग्रंथींचे तेल असते, आणि हे तेल खालच्या पाण्याला लवकर सुकू देत नाही. माणूस मिनिटाला साधारण १५ वेळा पापणी लववतो, परंतु मोबाइल वा संगणकाच्या पडद्याकडे पाहताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. दिवसभर असा कोरडा पडत गेलेला पृष्ठभाग रात्री मिटलेल्या पापण्यांखाली पुन्हा ओला होतो आणि तेथील झिजलेल्या पेशींची दुरुस्ती होते. सकाळी डोळ्याच्या कोपऱ्यात साचणारे चिपड हे याच स्रावांचे आणि पेशींचे अवशेष असल्याने थोड्या प्रमाणात ते नैसर्गिकच मानावे. मात्र पापण्या चिकटून बसण्याइतके ते येत असेल तर संसर्गाची किंवा पापण्यांच्या कडांना आलेल्या सुजेची शक्यता असते.

काही जणांच्या पापण्या झोपेत पूर्ण मिटत नाहीत, फट राहते आणि त्याची त्यांना कल्पनाही नसते. सकाळी उठताच डोळे चुरचुरतात, खडा गेल्यासारखे खुपते आणि दिवस वर येईल तशी तक्रार कमी होते, असा क्रम असेल तर घरातील माणसाला झोपेतले डोळे पाहून ठेवण्यास सांगावे. अशांनी पंख्याचा किंवा वातानुकूलन यंत्राचा झोत तोंडावर घेऊन झोपू नये, आणि नेत्रतज्ज्ञाच्या सल्ल्याने रात्री वंगणाचे मलम वापरावे.

अपुऱ्या झोपेच्या खुणा

प्रौढ व्यक्तीला रोज किमान ७ तास, १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप आवश्यक असते. ती सतत कमी पडली की डोळे लाल होणे, जड वाटणे, उजेड सहन न होणे, अक्षरांवर नजर स्थिर न राहणे ही लक्षणे आधी दिसू लागतात. पापणी आपोआप फडफडणे, म्हणजे डोळा लवणे, यावरून शुभाशुभ ठरवण्याची रीत महाराष्ट्रात आहे. प्रत्यक्षात जागरण, मानसिक ताण आणि चहा-कॉफीचा अतिरेक ही त्याची नेहमीची कारणे असून पुरेशा झोपेने ते काही दिवसांत थांबते. ते काही आठवड्यांहून अधिक टिकले, डोळा पूर्ण मिटू लागला किंवा गालाचे स्नायूही ओढू लागले, तर मात्र तपासणी करून घ्यावी.

याहून गंभीर विकार म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यभागी, त्याच्या खाली द्रव साचणे. डॉक्टर ज्याला सेंट्रल सीरस म्हणतात तो हा विकार मुख्यतः तिशी ते पन्नाशीच्या पुरुषांत आढळतो. एका डोळ्याने पाहताना मधोमध करडा डाग दिसतो, सरळ रेषा वाकड्या आणि वस्तू लहान भासतात. ताण, झोपेची आबाळ आणि विशेषतः स्टेरॉइड औषधे यांच्याशी त्याचा संबंध आढळला असून या औषधांत गोळ्यांप्रमाणेच दम्याचे पंप, नाकातील फवारे आणि त्वचेवर लावायची मलमेही येतात. बहुतेकदा काही महिन्यांत द्रव आपोआप शोषला जातो. तथापि स्टेरॉइड घेत असल्यास ते डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे, आणि ते परस्पर एकदम बंद करणे धोक्याचे आहे.

घोरणे ही चेष्टेची बाब समजली जाते; परंतु मोठ्याने घोरता घोरता श्वास काही क्षण थांबणे आणि मग दचकून पुन्हा सुरू होणे हे स्लीप ॲप्निया या विकाराचे लक्षण आहे. घशातील मार्ग झोपेत वारंवार बंद होऊन रक्तातील प्राणवायू उतरत असल्याने त्याचा ताण हृदयाप्रमाणेच दृष्टिचेतातंतूवरही, म्हणजे डोळ्यातील प्रतिमा मेंदूकडे नेणाऱ्या नसेवरही, पडतो. अशा रुग्णांत पापण्या सैल पडून सहज उलटणे, काचबिंदू आणि दृष्टिचेतातंतूचा रक्तपुरवठा अचानक तुटून सकाळी उठताच एका डोळ्याची नजर गेलेली आढळणे हे विकार अधिक दिसतात. दिवसा बसल्या जागी डुलकी लागणाऱ्या, स्थूल व घोरणाऱ्या व्यक्तीने झोपेची तपासणी करून घ्यावी. उपचारासाठी हवेच्या दाबाचे यंत्र मिळाले असेल तर त्याचा मुखवटा घट्ट बसतो की नाही हे पाहावे. सैल मुखवट्यातून निसटणारी हवा रात्रभर डोळ्यांवर वाहून ते कोरडे पडतात.

प्रकाश आणि शरीराचे घड्याळ

झोपेचा डोळ्यावर जसा परिणाम होतो तसा डोळ्याचाही झोपेवर होतो. दृष्टिपटलात पाहण्याचे काम करणाऱ्या पेशींखेरीज काही पेशी अशा असतात की त्या चित्र न टिपता केवळ उजेडाचे मान मेंदूतील घड्याळाला कळवतात. २००२ साली स्पष्टपणे ओळखल्या गेलेल्या या पेशी निळसर प्रकाशाला विशेष संवेदनशील असून रात्री त्यांच्यावर उजेड पडत राहिला की झोपेची वेळ सुचवणारे मेलॅटोनिन हे संप्रेरक, म्हणजे रक्तातून संदेश नेणारे द्रव्य, उशिरा स्रवते. म्हणून झोपण्यापूर्वी निदान एक तास मोबाइल बाजूला ठेवणे, खोलीतील दिवे मंद करणे आणि सकाळी उघड्यावरच्या उजेडात थोडा वेळ घालवणे हे झोपेसाठीही उपयुक्त ठरते. निळा प्रकाश अडवणारे चष्मे मात्र डोळ्यांचा शीण कमी करतात असे आढळलेले नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात साध्या काचांच्या तुलनेत त्यांचा लाभ बहुधा नसल्याचाच निष्कर्ष निघाला. शिणावर खरा उपाय म्हणजे दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहणे आणि त्या वेळी काही वेळा पापण्या पूर्ण मिटून उघडणे.

चाकणच्या कारखान्यांत किंवा हिंजवडीच्या कार्यालयांत रात्रपाळी करणाऱ्यांना हे वेळापत्रक जमत नाही. त्यांनी सकाळी घरी परतताना गडद चष्मा वापरावा, दिवसा जाड पडदे लावून अंधाऱ्या खोलीत सलग झोप घ्यावी आणि पाळीच्या उत्तरार्धात चहा-कॉफी टाळावी. मात्र झोप अनावर होत असेल तर गडद चष्मा लावून वाहन चालवू नये.

शाळकरी मुलांच्या बाबतीत दिवसाच्या उजेडाचे महत्त्व आणखी वेगळे आहे. चीनमधील ग्वांगझू येथे झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जास्तीची मैदानावर घालवायला लावली, तेव्हा तीन वर्षांत लघुदृष्टी, म्हणजे लांबचे अस्पष्ट दिसण्याचा दोष, ३०.४ टक्के मुलांत निर्माण झाला. नेहमीच्या दिनक्रमातील मुलांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. मुलाने रोज दोनेक तास घराबाहेर असावे, हा सल्ला अशाच अभ्यासांवर आधारलेला आहे.

मधुमेह

शरीराच्या ज्या विकाराने डोळ्यांचे सर्वाधिक नुकसान गुपचूप होते तो मधुमेह होय. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. साखर वाढली की आधी नेत्रभिंगात पाणी शिरून ते फुगते आणि चष्म्याचा नंबर बदलतो. साखर आटोक्यात आली की तो पुन्हा बदलतो. त्यामुळे नुकतेच निदान झालेल्या रुग्णाने घाईने नवा चष्मा करू नये, साखर काही आठवडे स्थिर राहू द्यावी. नाही तर महिन्याभरात तो चष्मा निरुपयोगी होतो.

खरी हानी दृष्टिपटलावर होते. वाढलेल्या साखरेमुळे तेथील बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती दुबळ्या होतात. त्यांना आलेले फुगे तपासणीत लाल ठिपक्यांसारखे दिसतात, त्यांतून पाझरलेल्या स्निग्ध पदार्थाचे पिवळसर कण साचतात, आणि पुढे रक्तपुरवठा तुटलेल्या भागाच्या गरजेपोटी नव्या पण ठिसूळ रक्तवाहिन्या उगवून त्या फुटतात. यांतील पहिल्या दोन अवस्थांत रुग्णाला पुष्कळदा उत्तम दिसत असते, चष्म्याच्या दुकानातील तक्त्याची शेवटची ओळही तो वाचतो. म्हणून ‘मला नीट दिसते’ हा मधुमेही व्यक्तीने तपासणी टाळण्याचा आधार होऊ शकत नाही. प्रौढपणी होणाऱ्या, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान होताच, पहिल्या प्रकारात निदानानंतर पाच वर्षांच्या आत, आणि मधुमेही स्त्रीस गर्भ राहिल्यास पहिल्या तीन महिन्यांत दृष्टिपटल तपासून घ्यावे. त्यानंतर सर्वसाधारणपणे दरवर्षी किंवा डॉक्टर सांगतील तेव्हा.

ही तपासणी कशी असते हे माहीत असल्यास तिची भीती राहत नाही. डोळ्यांत थेंब घालून रुग्णाला साधारण अर्धा तास डोळे मिटून बसवतात, बाहुली मोठी होते आणि मग डॉक्टर तीव्र प्रकाशात भिंगातून मागचा पडदा कडेपर्यंत पाहतात. त्यानंतर काही तास जवळचे अक्षर अंधुक दिसते आणि ऊन डोळ्यांत खुपते. म्हणून सोबतीला कोणी तरी असावे, गडद चष्मा जवळ ठेवावा आणि परतताना स्वतः दुचाकी चालवू नये.

साखर आटोक्यात ठेवण्याचे फळ मोजून पाहिले गेले आहे. पहिल्या प्रकारच्या मधुमेहावरील १९९३ सालच्या अमेरिका-कॅनडातील मोठ्या चाचणीत, सुरुवातीला दृष्टिपटल निरोगी असलेल्या रुग्णांमध्ये काटेकोर नियंत्रणामुळे विकृती उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. मात्र फार दिवस वाढलेली साखर झपाट्याने खाली आणल्यास आधीची विकृती काही काळ बळावू शकते, म्हणून उपचार बदलण्यापूर्वी डोळे दाखवून घेणे श्रेयस्कर असते. लेसर आणि डोळ्यात द्यायची इंजेक्शने यांमुळे आज बहुतेकांची नजर वाचवता येते. उशीर झाल्यावर गेलेली नजर परत आणणे मात्र अवघड असते.

रक्तदाब आणि काचबिंदू

दीर्घकाळ चढलेल्या रक्तदाबाने दृष्टिपटलातील रोहिण्या अरुंद व कडक होतात आणि जेथे त्या नीलांना ओलांडतात तेथे त्यांना दाबतात. अशा ठिकाणी रक्ताची गुठळी होऊन एखादी नीला अचानक बंद पडते आणि रुग्णाला एका डोळ्याने एकाएकी अंधुक दिसू लागते. रक्तदाब औषधाने नियंत्रणात ठेवणे हाच त्याचा प्रतिबंध होय.

काचबिंदूत दृष्टिचेतातंतू हळूहळू सुकत जातो आणि कडेची नजर आधी जाते. बहुतेकदा यास डोळ्यातील वाढलेला दाब कारणीभूत असतो. आडवे झाल्यावर हा दाब वाढतो, तर झोपेत शरीराचा रक्तदाब साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतो; दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की दृष्टिचेतातंतूला रक्त कमी मिळते. यामुळे काचबिंदूचा रुग्ण रक्तदाबाची गोळी झोपताना घेत असेल तर ही गोष्ट त्याने आपल्या दोन्ही डॉक्टरांच्या कानावर घालावी, गोळीची वेळ मात्र स्वतःहून बदलू नये. शीर्षासनात डोळ्यातील दाब जवळजवळ दुप्पट होत असल्याने अशा रुग्णाने ते व त्यासारखी डोके खाली जाणारी आसने वर्ज्य करावीत. चालणे, प्राणायाम व इतर साधा व्यायाम त्याच्या हिताचाच आहे. आईवडील वा भावंडांपैकी कोणास काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब व दृष्टिचेतातंतू नियमित तपासावा.

आहार आणि व्यसने

अ जीवनसत्त्वाच्या अभावाने मुलांना रातांधळेपणा येतो, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसाळ डाग उमटतात आणि शेवटी पारपटल विरघळून अंधत्व येते. ते टाळण्यासाठी भारतात १९७० सालापासून बालकांना या जीवनसत्त्वाचा डोस देण्याचा कार्यक्रम चालू आहे. शेवग्याचा व अळूचा पाला, मेथी, लाल भोपळा, गाजर, पपई, आंबा, दूध व अंडी हे त्याचे सहज मिळणारे स्रोत असून पालेभाजीतील हा अंश शरीरात शोषला जाण्यासाठी फोडणीचे थोडे तेल आवश्यक असते. बी-१२ हे जीवनसत्त्व मात्र प्राणिज पदार्थांतूनच मिळते; त्यामुळे दूधही फारसे न घेणारे शाकाहारी आणि वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही यांच्यात ते कमी पडते, आणि तीव्र कमतरतेत दृष्टिचेतातंतू दुबळा होऊन मधली नजर व रंग फिके होतात. ही हानी वेळीच ओळखल्यास इंजेक्शनांनी भरून येऊ शकते.

बाजारात मिळणाऱ्या ‘डोळ्यांच्या गोळ्या’ सर्वांसाठी नसतात. ल्युटीन, झिंक इत्यादींच्या विशिष्ट मिश्रणाचा लाभ सिद्ध झाला आहे तो उतारवयात पीतबिंदूची, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूची, मध्यम प्रमाणात झीज झालेल्या रुग्णांपुरता. निरोगी माणसाने त्यावर पैसे खर्च करण्यापेक्षा पालेभाजी घ्यावी. विडी-सिगारेटमुळे मोतीबिंदू लवकर होतो, पीतबिंदूची झीज वाढते आणि थायरॉइडच्या विकारात डोळे बाहेर येण्याचे प्रमाण बळावते. तंबाखूच्या अतिसेवनाला दारू व निकृष्ट आहार यांची जोड मिळाल्यास दृष्टिचेतातंतूला इजा पोहोचू शकते, तर हातभट्टीच्या दारूतील मिथेनॉलने एका दिवसात दोन्ही डोळे जाऊ शकतात.

औषधे

काही आवश्यक औषधांचाही डोळ्यांवर परिणाम होतो, आणि तो लक्षात ठेवून ती घेतल्यास अपाय टळतो. क्षयरोगाच्या उपचारातील एथॅम्ब्युटॉलमुळे काही रुग्णांत लाल-हिरवा रंग ओळखणे कठीण होते किंवा नजर मंदावते. असे वाटताच त्याच दिवशी उपचारकेंद्राला कळवावे. संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्यांनी पहिल्या वर्षात एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी दृष्टिपटल तपासावे. सर्वांत अधिक गैरवापर होतो तो स्टेरॉइड थेंबांचा. खाज सुटणाऱ्या डोळ्यांना त्यांनी दोन दिवसांत आराम पडतो, म्हणून पालक तीच बाटली महिनोन्‌महिने आणत राहतात आणि त्यातून मुलाला काचबिंदू किंवा मोतीबिंदू होतो. चिठ्ठीवर लिहिलेली मुदत संपली की असे थेंब थांबवावेत. मध, गुलाबपाणी वा कोणतेही घरगुती द्रव्य डोळ्यात घालू नये.

केव्हा थांबू नये

अचानक नजर कमी होणे, डोळ्यापुढे पडदा आल्यासारखे वाटणे, विजा चमकल्यागत प्रकाश दिसून काळे ठिपके एकदम वाढणे, लाल डोळ्यासह तीव्र वेदना व उलटी होणे, एकाचे दोन दिसू लागणे किंवा डोळ्यात रसायन उडणे या प्रसंगी दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. रसायन उडाल्यास आधी स्वच्छ पाण्याने पंधरा ते वीस मिनिटे सतत डोळा धुवावा आणि मग रुग्णालय गाठावे.

एरवी चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी आणि मधुमेह वा रक्तदाब असल्यास दरवर्षी बाहुली मोठी करून संपूर्ण तपासणी करावी, आणि जाताना चालू औषधांची यादी, साखरेचे व रक्तदाबाचे अलीकडचे अहवाल, तसेच झोपेच्या तक्रारींची माहिती सोबत न्यावी. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे डोळे तपासणे नव्हे, हे ध्यानात घेऊन प्रत्येक कुटुंबाने घरातील मधुमेही व वृद्ध व्यक्तींची ही तपासणी या वर्षी झाली आहे की नाही ते पाहावे, आणि झाली नसेल तर तिची तारीख आजच ठरवावी.